उघडी राहिलेली चौथी बाजू

सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्या की उपनगरांतील गृहसंस्थांमध्ये प्रवासकथनाचा एक हंगाम येतो. पूर्वी या हंगामात काश्मीर, उटी आणि फार तर सिंगापूर यांची वर्णने ऐकावी लागत. अलीकडे त्यांत नैरोबीची भर पडली आहे. घाटकोपर-मुलुंडच्या अनेक गुजराती व कच्छी घरांना पूर्व आफ्रिका पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. पण आता अंधेरी-बोरिवलीच्या मराठी मध्यमवर्गालाही ती दूरची राहिलेली नाही. मुंबईहून निघालेले विमान सुमारे सहा तासांत केनियाच्या राजधानीत उतरते. कोकणात गणपतीला जाणाऱ्या माणसाला याहून अधिक वेळ महामार्गावर काढावा लागतो, हे आपण सारेच जाणतो.

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहणारे आमचे एक स्नेही नुकतेच नैरोबीला जाऊन आले. त्यांनी दाखवलेल्या छायाचित्रांपैकी दोन लक्षात राहिली. एकात, १९३२ साली बांधलेल्या आणि आता मोजक्या खोल्यांचे महागडे विश्रामगृह झालेल्या 'जिराफ मॅनर' या हवेलीच्या खिडकीतून जिराफाने मान आत घातली आहे आणि न्याहारीच्या मेजावरील काही तरी तो उचलतो आहे. दुसऱ्यात पिवळ्या गवतात एक सिंहीण बसली आहे आणि तिच्या पाठीमागे, धुरकट आकाशात, शहराच्या उंच इमारती उभ्या आहेत. "एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत जनावर मोकळे फिरते, हे डोळ्यांनी पाहूनही खरे वाटत नाही," असे ते म्हणाले. ते हे सांगत होते तेव्हा आम्ही त्यांच्या सज्जात बसलो होतो, आणि समोर अंधारात कान्हेरीच्या डोंगराची कड दिसत होती. उद्यानात आपण शेवटचे कधी गेलो, हे त्यांना आठवावे लागले. मुलगा लहान असताना 'वनराणी' या छोट्या आगगाडीत बसायला गेलो होतो, असे उत्तर आले. मुलगा आता नोकरीला आहे.

या प्रसंगात थट्टा करण्याजोगे फारसे काही नाही. ज्याला परवडते त्याने नैरोबीला जरूर जावे. ज्याला हल्ली 'बुटीक स्टे' म्हणतात त्या निवासांत राहावे, जिराफाला खाऊ घालावा, मसाई मण्यांच्या माळा विकत घ्याव्यात. मात्र एवढा खर्च करून पाहिलेल्या शहराचे मर्म न पाहताच परतणे हे तोट्याचे आहे. नैरोबीचे मर्म खिडकीतून आत आलेल्या जिराफात नाही. तो जिराफ मुळात त्या परिसरातील नव्हेच. दुर्मीळ होत चाललेली ती जात वाचवण्यासाठी १९७० च्या दशकात पश्चिम केनियातून त्याचे पूर्वज तेथे आणले गेले. उपक्रम स्तुत्य खरा, परंतु बोरिवलीच्या कुंपणात गुजरातहून सिंहांची जोडी आणावी, तशातलाच तो प्रकार आहे. मर्म आहे ते दुसऱ्या छायाचित्रात, त्या सिंहिणीच्या पाठीमागे आणि विशेषतः तिच्या समोर, जे छायाचित्रात आलेले नाही.

नैरोबी हे शहरच मुळी रेल्वेचे अपत्य. १८९६ मध्ये इंग्रजांनी मोंबासाहून युगांडाकडे लोहमार्ग टाकावयास घेतला आणि त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले; त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मेले. १८९९ मध्ये हा मार्ग एका दलदलीच्या पठारावर पोचला. मसाई लोक त्या जागेला थंड पाण्याची जागा अशा अर्थाच्या नावाने ओळखत. तेथे मालधक्का झाला, मग बाजार, मग राजधानी. या शहराशी आपले नाते किती जवळचे आहे, याची आठवण शहराच्या मध्यभागी असलेल्या केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात होते. तेथील कलासंग्रह जोसेफ मुरुम्बी यांचा. गोमंतकीय पिता आणि मसाई माता यांच्या पोटी जन्मलेले, शिक्षणासाठी दक्षिण हिंदुस्थानात राहिलेले हे गृहस्थ १९६६ मध्ये काही महिने केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. राजकारण सोडल्यावर त्यांनी आयुष्य आफ्रिकी कला जमवण्यात घालवले. त्यांची समाधी शहरातील सिटी पार्कमध्ये आहे, १९६५ मध्ये गोळ्या घालून मारले गेलेले त्यांचे मित्र पिओ गामा पिंटो यांच्या थडग्याजवळ. पिंटोही गोमंतकीयच. आमच्या स्नेह्यांच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत या दोन्ही स्थळांना जागा नव्हती. 'सांस्कृतिक संध्याकाळ' म्हणून एक नृत्याचा कार्यक्रम मात्र होता.

आता त्या उद्यानाविषयी. नैरोबी राष्ट्रीय उद्यान १९४६ मध्ये स्थापन झाले. केनियातील ते पहिले राष्ट्रीय उद्यान. क्षेत्र ११७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या उद्यानाहून थोडेसेच मोठे. शहराचा मध्य तेथून सात-आठ किलोमीटरांवर. सिंह, बिबटे, गेंडे, रानम्हशी, जिराफ हे सारे तेथे आहेत. एवढ्याशा जागेत हे सारे कसे टिकले? उत्तर असे की ते एवढ्याशा जागेत टिकलेले नाहीत. उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे. चौथी, दक्षिणेची बाजू उघडी आहे. पाऊस पडला की झेब्रे आणि हरणांचे कळप त्या बाजूने आथी-कापिटीच्या विस्तीर्ण मैदानांत पसरतात आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पुन्हा उद्यानात येतात. त्यांच्यामागे सिंह जातात-येतात. ही बाजू मिटली, तर उद्यान उरेल, त्यावरची पाटीही उरेल, पण आत प्राणिसंग्रहालय झालेले असेल.

ही उघडी बाजू मात्र सरकारच्या मालकीची नाही. ती मसाई गुराख्यांची खाजगी जमीन आहे. ज्यांच्या बापजाद्यांना १९०४ आणि १९११ च्या करारांनी आपल्या उत्तम कुरणांतून उठवले गेले आणि पुढे उद्यानासाठी पुन्हा बाजूला सारले गेले, त्यांच्याच उरलेल्या जमिनीवर त्या उद्यानाचे प्राण अवलंबून राहावेत, हा इतिहासाने उगवलेला सूडच म्हणावयाचा. २००० साली तेथे एक साधी योजना सुरू झाली. जो जमीनमालक कुंपण घालणार नाही, खाण खोदणार नाही आणि जमिनीचे तुकडे पाडून विकणार नाही, त्याला एकरी वर्षाला चार डॉलर द्यावयाचे. हे पैसे शाळेच्या सत्रांच्या आरंभी हप्त्यांनी मिळत, म्हणजे नेमके मुलांची फी भरावयाच्या वेळी. योजना आखणाऱ्याला त्या घरांची चूल ठाऊक होती, एवढे यावरून दिसते. पुढे निधी अपुरा पडत गेला, जमिनीचे भाव चढत गेले, राजधानीची वस्ती दक्षिणेकडे सरकत राहिली. चार डॉलर आणि बिल्डरने पुढे केलेली रक्कम यांची तुलना होऊ शकत नाही. तरीही, वन्य प्राणी राखण्याची किंमत असते आणि ती शेजारच्या गरिबाच्या खिशातून काढावयाची नसते, हे तत्त्व तेथे निदान हिशेबाच्या वहीत उतरले.

नैरोबीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. २०१९ मध्ये नैरोबीहून नैवाशाकडे जाणारी नवी रेल्वे सुरू झाली; ती उंच खांबांवरून, सुमारे सहा किलोमीटर, थेट उद्यानाच्या छातीवरून जाते. २०१६ च्या मार्च महिन्यात मोहॉक नावाचा एक सिंह उद्यानातून भटकत दूर गेला, लोकांची गर्दी जमली, दगड पडले, त्याने एकाला जखमी केले आणि वनरक्षकांनी त्याला गोळ्या घातल्या. २०२० मध्ये उद्यानाच्या व्यवस्थापन आराखड्यात आतच निवासस्थान बांधण्याचा आणि दक्षिणेला कुंपण घालण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा त्याला स्थानिकांनी व अभ्यासकांनी कडाडून विरोध केला. पर्यटकाला आत झोपवावयाचे आणि जनावराची बाहेरची वाट बंद करावयाची, ही कल्पना एकाच कागदावर असावी, यात अर्थ भरलेला आहे.

हे सारे वाचून बोरिवलीच्या वाचकाला काही ओळखीचे वाटले असेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे. पश्चिमेला गोरेगाव ते दहिसर, पूर्वेला भांडुप, मुलुंड, ठाणे. दक्षिणेला आरे आणि पवई. तीन बाजूंना माणसे. २०१५ च्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या पाहणीत येथे व परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले; २०१८ च्या पाहणीत ही संख्या ४७ झाली. जगातील एवढ्या दाट वस्तीच्या महानगराला लागून इतके मोठे मार्जार इतक्या संख्येने राहतात, हे पाहण्यासाठी परदेशातून अभ्यासक आणि चित्रपटकार येतात. आपण जातो ते सकाळी चालायला, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

संस्कृतीचे म्हणाल तर या अरण्यात ती शंभराहून अधिक लेण्यांत कोरलेली आहे. कान्हेरीला इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे भिक्षूंची वस्ती होती. कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तेथे आहेत. प्रत्येक लेण्याशी पाण्याचे टाके, कातळात कोरलेल्या पन्हळी, वरच्या उतारावर बंधारे अशी जलव्यवस्था दोन सहस्रकांपूर्वीच्या लोकांनी केली. गंमत म्हणजे येथे पर्यटकांचीही जुनी नोंद आहे. इ. स. १००९ व १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे पहलवी लिपीत एका लेण्यात कोरून ठेवली. भिंतीवर नाव लिहिण्याची खोड इतकी जुनी असल्याने आजच्या तरुणांना दोष द्यावा की नाही, असा प्रश्न पडतो. पारशी मंडळींनी निदान तारखा अचूक दिल्या, त्यामुळे इतिहासकारांची सोय झाली.

आणि पाणी. विहार तलाव १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये पुरा झाला. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात. दहिसर आणि पोयसर या नद्या याच डोंगरातून निघतात. मिठी विहार-पवईच्या सांडव्याचे पाणी घेऊन समुद्राकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या नद्या आहेत हे अनेक मुंबईकरांना प्रथमच समजले. पाणलोटाचा वरचा भाग जंगलाखाली नसता तर त्या दिवशी आणखी किती पाणी किती वेगाने खाली आले असते, याचा विचार नद्यांच्या काठच्या प्रत्येक गृहसंस्थेने करून पाहण्यासारखा आहे.

मग या शेजाराची किंमत कोण देतो? उपनगरांतील नवी जाहिरातबाजी पाहिली, तर वाटेल की ती सदनिका घेणारा देतो. मुलुंड, कांदिवली, बोरिवलीत 'जंगलाचा देखावा' असलेल्या मजल्यांना जादा दर आकारला जातो. तो दर बिल्डरला मिळतो. जंगलाला त्यातला एक पैसाही मिळत नाही. खरी किंमत देतात ते पाड्यांवरचे लोक. उद्यानात आणि आरेत वारल्यांचे व इतर आदिवासींचे पाडे पिढ्यानपिढ्या आहेत. वाघोबाला ते शेंदूर लावतात. भीती असूनही शेजार मान्य केला आहे, असा त्या शेंदराचा अर्थ. २००४ मध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत या परिसरात अनेक माणसे दगावली. इतरत्र पकडलेले बिबटे येथे आणून सोडल्याने संकट वाढले, असे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. २०११ पासून उद्यानाचे अधिकारी, विद्या अत्रेय यांच्यासारखे संशोधक आणि स्वयंसेवक यांनी सोसायट्या, शाळा, पोलीस ठाणी यांना शहाणे करण्याचे काम हाती घेतले आणि बिबट्या नुसता दिसला म्हणून पिंजरा लावावयाचा नाही, हे हळूहळू रुजले. जानेवारी २०१८ मध्ये मुलुंडच्या नाणेपाड्यात बिबट्या शिरून सहा जण जखमी झाले, तेव्हा त्याला बेशुद्ध करून जिवंत पकडण्यात आले. मोहॉकच्या वाट्याला आलेले मरण त्याच्या वाट्याला आले नाही. उपनगरवासीयांनी याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

परंतु २०२२ च्या दिवाळीत आरेतील एका वस्तीत दीड वर्षाची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. घरालगत झाडी, वाटेवर दिवा नाही, शौचालय दूर, कचरा उचलला जात नाही म्हणून कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो: हा क्रम महापालिकेपासून वनखात्यापर्यंत सर्वांना पाठ आहे. तो तोडण्यासाठी लागणारा खर्च एखाद्या उड्डाणपुलाच्या सुशोभनाएवढाही नसेल. दुसरीकडे, मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. पात्र कुटुंबांचे चांदिवलीत पुनर्वसन सुरू झाले, पण तो प्रश्न आजही निकाली निघालेला नाही. आधीपासूनचा आदिवासी आणि नंतर आलेला झोपडीवासी या दोघांनाही कागदासाठी त्याच रांगेत उभे राहावे लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पहिल्याला जो अधिकार दिला, तो पदरात पडण्यासाठी मुंबईसारख्या ठिकाणीही त्याने झगडावे, हे शोभादायक नाही.

त्यातच आता वन-पर्यटनाची भाषा वाढू लागली आहे. पाड्याच्या परिसरात तंबू, मातीच्या भिंतींची 'बुटीक' घरे, वारली चित्रांनी सजवलेल्या खोल्या. जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेली ती चित्रे आता उपाहारगृहांच्या भिंतींवर कोणीही काढतो आणि चित्र ज्यांचे, त्यांच्या पाड्यावर नळ नसतो. पर्यटन आणू नये, असे आम्ही म्हणणार नाही. वाटाडे, निवास, भोजन यांची मालकी पाड्यावरील कुटुंबांकडे असेल, मुक्काम उद्यानाच्या बाहेर असेल आणि संख्या मर्यादित असेल, तर त्या पैशाने तेथील मुलांची फी भरली जाईल. नैरोबीच्या दक्षिणेला चार डॉलरांत जे करू पाहिले गेले, ते येथे एका शहरी कुटुंबाच्या शनिवारच्या खर्चात अधिक चांगले साधेल. मात्र मालकी शहरातील कंपनीची आणि पाड्यावरचा माणूस गणवेश घालून दार उघडणारा, अशी व्यवस्था होणार असेल, तर ती आतापासूनच नाकारावी.

उद्यानाला २०१६ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचे कवच मिळाले. त्याची रुंदी काही ठिकाणी चार किलोमीटर, तर काही ठिकाणी अवघी शंभर मीटर. आरेतील मेट्रोच्या कारशेडची जागा त्यातून वगळण्यात आली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडली गेली. जुलै २०२४ मध्ये ठाणे–बोरिवली आणि गोरेगाव–मुलुंड या दोन्ही जोडरस्त्यांच्या बोगद्यांच्या कामांचा समारंभ झाला. दोन्ही बोगदे उद्यानाच्या पोटातून जातील. मुलुंडहून गोरेगावला पोचताना जो दररोज दोन तास गाडीत बसतो, त्याला बोगदा नको असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. जमिनीखालून जाणे हे वरून कापत जाण्यापेक्षा बरे, हेही खरे. पण बोगद्याची तोंडे, राडारोडा आणि त्या तोंडांशी उगवणारी नवी बांधकामे जमिनीवरच असतात.

या गदारोळात उत्तरेकडे, म्हणजे आपल्या चौथ्या बाजूकडे, कोणाचेच लक्ष नाही. घोडबंदर रस्त्यापलीकडे उद्यानाचाच नागला विभाग आहे, मग वसईची खाडी आणि तिच्या पलीकडे २००३ मध्ये जाहीर झालेले सुमारे ८५ चौरस किलोमीटरांचे तुंगारेश्वर अभयारण्य. बोरिवलीच्या बिबट्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट हीच. ती चालू आहे, याचा पुरावा एका बिबट्याने स्वतः चालून दिला. नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला २००९ मध्ये विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटाजवळ सोडले. महामार्ग, लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून, सुमारे १२० किलोमीटर चालून, तो बोरिवलीच्या उद्यानात दाखल झाला. 'आजोबा' या नावाने तो प्रसिद्ध झाला. २०१४ मध्ये त्याच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपटही निघाला. वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. २०११ मध्ये मुंबईजवळच्या रस्त्यावर एका वाहनाची धडक बसून तो मेला.

घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना दरवर्षी नवे मनोरे उभे राहत आहेत, आणि रस्ता रुंद करण्याचे प्रस्ताव एकामागून एक येत आहेत. नैरोबीला निदान कुंपण घालण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर वाद झाला. येथे कुंपण घालण्याची गरजच पडणार नाही. इमारती आणि दुभाजक ते काम विनासायास करतील, आणि ते केव्हा पुरे झाले याची तारीखही कोणाला सांगता येणार नाही. तेव्हा रुंदीकरणाचा कोणताही आराखडा मंजूर करण्यापूर्वी नागल्याच्या टप्प्यात प्राण्यांना रस्त्याखालून किंवा वरून जाण्याची सोय त्यातच, त्याच खर्चात आणि त्याच मुदतीत धरलेली असली पाहिजे. 'दुसऱ्या टप्प्यात' या शब्दांवर विश्वास ठेवण्याचे दिवस गेले. पाड्यांवर दिवे, शौचालये आणि कचऱ्याची उचल यांची मुदतही त्याच वेळी जाहीर व्हावी. आमच्या स्नेह्यांच्या गृहसंस्थेत साडेतीनशे मतदार आहेत. पुढच्या वेळी नगरसेवक दारात आले की जिराफाच्या छायाचित्रांच्या शेजारी घोडबंदर रस्त्याचा नकाशाही मांडून ठेवावा, असे आम्ही त्यांना सुचवले आहे. नकाशा कोठे मिळतो, एवढे त्यांनी विचारून घेतले.